ओवाळणीत मागितलेलं नाव

मु. पो. पिंपळदरा, ता. नरखेड
८ नोव्हेंबर २०२४

आत्याबाई,

नमस्कार घालते, पण रागात घालून राहिली, हे आधीच सांगते.

फोन केला असता. पण तुमाले फोनवर ऐकू येत नाही, अन् मले ओरडून भांडता येत नाही, कारण भिंतीच्या पलीकडे काकाचं घर आहे. म्हणून पत्र. शाळेच्या भाषेत तीन ओळी लिहिल्या होत्या, त्या फाडून टाकल्या. त्या भाषेत माहा राग मलेच खोटा वाटे.

आज हेडसरांनी मले ऑफिसात बोलावलं. म्हणाले, "अभिनंदन बेटा, नाव दुरुस्त होऊन राहिलं. आता दाखल्यावर बरोबर येईल." मी म्हटलं, कोणाचं नाव? त्यांनी अर्ज दाखवला. जनरल रजिस्टरात 'सोणाली' आहे ते खोडून 'सोनाली' करावं, म्हणे. अक्षर तुमचं, सही बाबांची अन् तारीख भाऊबीजेची.

घरी येऊन बाबाले पकडलं. ते संत्र्याच्या झाडाखालचं गवत काढून राहिले होते, मान वर करत नव्हते. लय वेळानं बोलले, "ताईनं ओवाळणीत मागतलं वं. मी साडी देत होतो, नको म्हणे. ताटात कागद ठेवला अन् म्हणे, यावर सही कर, हेच माहं. बहिणीच्या ताटात टाकलेलं परत मागता येते का?"

आत्याबाई, बाबांनी तुमाले साडी द्यावी, बागेतलं अर्धं झाड द्यावं, ते तुमचं दोघांचं तुमी पाहा. पण माहं नाव काय बाबांच्या खिशात होतं, ताटात टाकायले? तुमी कोणाची वस्तू कोणापाशी मागतली?

बारशाले माह्या कानात नाव तुमीच सांगतलं, तो तुमचा मान. मले मान्य आहे. पण कागदावर ते आईनं लिहिलं. पहिलीपासून मी तेच लिहून राहिली. हेडसर म्हणतात, दहावीचा फॉर्म एकदा बोर्डात गेला की मंग रजिस्टरातलं नाव जन्मात बदलत नाही. म्हणजे तुमाले हे माहीत होतं, म्हणूनच तुमी घाई केली.

तुमीच आता हेडसरांले लिहा, की अर्ज परत घेतला. मंग मी तुमच्या दिवाळीच्या फराळाचं बोलीन.

तुमची भाची,
सोणाली


नागपूर
१४ नोव्हेंबर २०२४

चि. सोनाली हिला आत्याचे आशीर्वाद, तू मागितले नसलेस तरी.

तुझं पत्र सोबत परत पाठवते आहे. लाल शाईने खुणा केल्या आहेत, त्या बघ. शुद्धलेखनाला दहापैकी तीन, धिटाईला दहापैकी दहा. तुझ्या आजोबांशी मी या सुरात कधी बोलले असते तर त्यांनी मला शाळेतून काढून शेतावर धाडलं असतं.

आता मुद्द्याचं. मी चौतीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला. दर जूनमध्ये बायामाणसं पोरं घेऊन यायची. जन्मतारीख विचारली की "पोळ्याच्या आगंमागं झाला" म्हणायची. आम्ही एक जुलै टाकायचो. अख्ख्या गावाचा वाढदिवस एक जुलै! नावाचंही तसंच. परमीला आली की मी तिची प्रमिला करायची, रुखमा आली की रुक्मिणी. घरचं नाव घरी, शाळेचं शाळेत. शेकडो नावं मी या हाताने सुधारली आणि आजवर एकाही मुलाने की आईबापाने तक्रार केलेली नाही. उलट लग्नाच्या पत्रिकेवर मी दिलेलं नाव छापून मला निमंत्रण द्यायला यायचे.

पुढच्या वर्षी तू माझ्याकडे राहून अकरावी करणार आहेस. तुझ्या दाखल्याची झेरॉक्स माझ्या टेबलावर पडली होती, ती शेजारच्या नीलाने पाहिली. हसली. "शोभाताई, तुम्ही मराठीच्या बाई आणि तुमच्या घरात हे कोणी लिहिलं?" मी काय सांगायचं तिला? अमोलचंही मत विचारलं. तो म्हणतो, "आई, आत्ताच निस्तर, नंतर प्रत्येक खिडकीवर पोरीला प्रतिज्ञापत्र मागतील." तो बँकेत आहे, त्याला रोज हेच बघावं लागतं.

आणि हसणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. मी डी.एड.ला नागपुरात आले तेव्हा पहिल्याच दिवशी उभं राहून 'पानी' म्हटलं. सगळा वर्ग हसला. वसतिगृहात मी रात्रीचं जेवण जेवले नाही. त्यानंतर आजपर्यंत एकही ण मी चुकवलेला नाही. तुझ्यावर ती वेळ येऊ नये एवढंच माझं मागणं.

राहिली तुझी आई. भाऊबीजेच्या दिवशी चुलीपुढे करंज्या तळताना कामिनीनेच मला हात जोडले. "ताई, माह्यानं चूक झाली, तुमी सुधरून टाका," म्हणाली. खोटं वाटत असेल तर विचार तिला.

तुझी आत्या,
शोभा


पिंपळदरा
१९ नोव्हेंबर २०२४

आत्याबाई,

तुमच्या लाल खुणा पाह्यल्या. तुमी 'लय' खाली रेघ मारली. ते मी मुद्दाम लिहिलं होतं. याही पत्रात लिहीन.

आईले विचारलं. हाव म्हणे. मी म्हटलं, काहून वं आई? तर पदर डोळ्याले लावून बसली. मंग सांगतलं. मले हे पंधरा वर्षांत कोणी सांगतलं नव्हतं, तुमालेही माहीत नसन, म्हणून लिहून राहिली.

आई चौथी शिकली, एवढं तुमाले माहीत आहे. तिसरीत तिनं पाटीवर 'पानी' लिहिलं. मास्तरनं बोटाच्या पेरावर पट्टी हाणली अन् 'पाणी' शंभरदा लिहून घेतलं. तवापासून तिले 'न' दिसला की धाक वाटे. कुठं काय लिहायचं समजलं नाही की ती ण लिहे. तो लिहिला की मारत नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं.

माह्या जन्माच्या टायमाले दवाखान्यातली नर्स कागद घेऊन आली अन् संगं अंगठ्याची शाई. बाबा बाहेर चहा आणाले गेले होते. आई म्हणे, "शाई नको, पेन द्या." पेन हातात धरला. सो लिहिला. मंग थांबली. पोरीच्या नावात तरी चूक होऊ नये, म्हणून तिनं ण लिहिला. समजलं का, आत्याबाई? चूक होऊ नये म्हणून. बाबा तो कागद घेऊन साऱ्या गावभर फिरले होते, "माह्या बायकोनं लिहिलं" म्हणून. आता तेच बाबा तुमच्या ताटात सही टाकून मोकळे झाले.

तुमी मतं सांगतली, तर मीही सांगते. माही मैत्रीण अपेक्षा म्हणते, लय स्टायलिश आहे, टीव्हीतल्या बायका पैसे देऊन असं नाव करून घेतात. एस.टी.च्या पासवाल्यानं विचारलं, "दक्षिणेकडची काय वं तू?" मी म्हटलं, हाव, नरखेडच्या दक्षिणेची. काका म्हणते, पोरीच्या जातीनं इतकं ताणू नये. सगळ्यायले मत आहे. तुमच्या नीलाबाईले आहे, अमोलदादाले आहे. माहं मत कोणी विचारलंच नाही, म्हणून न विचारता सांगते. मी बोर्डाच्या यादीवर सही करणार नाही. यादीत आपल्या नावापुढं पोरांची सही लागते, अन् सहीबिगर फॉर्म जात नाही, असं हेडसर परवाच वर्गात बोलले.

अन् एक इचारते. तुमी शेकडो नावं सुधारली म्हणता. त्यातल्या एकीले तरी तुमी कधी इचारलं का, की बाई तुले कसं वाटलं? तक्रार आली नाही म्हणता. सहा वर्षांचं पोट्टं बाईपाशी तक्रार करन का?

सोणाली


नागपूर
२५ नोव्हेंबर २०२४

सोनाली,

तुझ्या आईची हकिगत वाचली. वाईट वाटलं. पण त्या मास्तरचं पाप तू दाखल्यावर वागवून कोणाला काय मिळणार आहे? जखम झाली तर ती बरी करायची असते, फ्रेम करून लावायची नसते.

आणि मला धमकी देऊ नकोस. सही न करायला ते काय तुमच्या ओसरीवरचं भांडण आहे? फॉर्म गेला नाही तर वर्ष जाईल. तुझ्या बापाने जमीन कसून तुला शिकवलं, त्याच्या तोंडाला पानं पुसू नकोस. मुकाट्याने सही कर.

तुझ्या प्रश्नाचं म्हणशील तर विचारते की. मला काय भीती पडली आहे? येत्या रविवारी कुहीकडे जाते आहे. माझी पहिली नोकरी त्या बाजूच्या एका खेड्यात होती, तिथल्या शाळेत जुन्या शिक्षकांचा सत्कार आहे. माझ्या पहिल्या वर्गातल्या पोरी तिथे येतील. एकेकीला विचारून तुला लेखी कळवीन. मग तरी गप्प बसशील ना?

शोभा आत्या


पिंपळदरा
३ डिसेंबर २०२४

आत्याबाई,

तुमचं लेखी काही आलं नाही. माहं ऐका.

काल यादी आली. सगळ्या पोट्ट्यायनं आपापल्या नावापुढं सह्या केल्या. माहा नंबर सत्तावीस. 'सोनाली धर्मेंद्र' असं छापलं होतं. मी पेन खाली ठेवला. क्लार्क म्हणे, "अवं, एक अक्षर इकडचं तिकडं, त्यात काय?" मी म्हटलं, एवढंच आहे तर तुमी राहू द्या न. वर्ग हसला, पण माह्यावर नाही हसला.

हेडसरांनी बाबाले बोलावलं. बाबा मोटारसायकल तशीच टाकून आले, हाताले बोर्डोचा निळा रंग लागला होता. झाडायले त्या औषधाची पेस्ट लावणं चालू होतं. सर म्हणाले, दहा तारीख शेवटची आहे, मंग माह्या हातात काही नाही. बाबांनी माह्याकडं पाह्यलं अन् हाताचा निळा रंग पँटीले पुसत राहिले. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

घरी आईनं माहे पाय धरले. खरंच धरले, आत्याबाई. "बाई, माह्यापायी वर्ष नको घालू. लोक हसते ते मले हसते, तुले नाही. मले सवय आहे." मी पाय सोडवून विहिरीकडं पळाली अन् लय रडली.

तुमाले खोटं कायले सांगू, मले भेव वाटून राहिलं. गणितात मले अठ्ठ्याऐंशी पडले सहामाहीले. मले नागपूरले यायचं आहे, कॉलेज पाहायचं आहे. वर्ष गेलं तर बाबा पुन्हा शिकवतीन का, माहीत नाही. काका आतापासूनच म्हणते, पोरगी डोक्यावर बसली, पाहा एखादं स्थळ.

तरी सही करणार नाही. आई म्हणते मले सवय आहे, त्या 'सवय'चाच मले राग आहे. मी सोनाली अशी सही केली, की आई उरलेला जन्म हेच समजन, की तिनं पेन धरला ते चुकलं, अंगठाच द्यायले पाहिजे होता. मले ते नाही पाहिजे.

तुमच्या त्या पोरी भेटल्या का?

सोणाली


नागपूर
६ डिसेंबर २०२४

पोरी,

भेटली. एकच भेटली, पण ती पुरली.

सत्कार झाला, शाल झाली, जेवणं चालू होती. वाढणाऱ्या बायांत एक जण माझ्यापाशी येऊन उभी राहिली. पंचेचाळीशीची असेल. भाताची परात कमरेवर. "बाई, ओळखलं का मले? मी तुमच्या पहिलीत होती. धुरपता." मी म्हटलं, धुरपता नावाची कोणी मला आठवत नाही. ती हसली. "कशी आठवन? मी तुमच्या हजेरीत कधी आलीच नाई."

मग तिने उभ्या उभ्याच सांगितलं. तिची आई भाताच्या रोवण्याला जायची, जाता जाता तिला शाळेत सोडून गेली. नाव धुरपता सांगितलं. मी रजिस्टरात लिहिलं द्रौपदी. मला वाटलं, गरिबाच्या पोरीला चांगलं नाव दिलं. पण तिला कोणी सांगितलंच नाही, की द्रौपदी म्हणजे तूच. दोन वर्ग मिळून ऐंशी पोरं, मी नवखी. रोज हजेरी घ्यायची, द्रौपदी म्हणायची, उत्तर नाही, गैरहजर लिहायची आणि पुढे जायची. ती शेवटच्या ओळीत पाटी घेऊन बसलेली असायची, सोनाली! रोज यायची!

"बाई, मले लय वाईट वाटे," ती म्हणाली. "मी मनात म्हणो, कोण असन बापा ही द्रौपदी? एवढी चांगली बाई रोज हाक मारते अन् पोट्टी शाळा बुडवते. अन् बाई माहं नाव कवा घेईन, याची मी वाट पाहो."

महिना झाला आणि मी तिचं नाव कमी केलं. शिपाई बापाकडे जाऊन सांगून आला, तुमची पोरगी शाळेत येतच नाही. बापाला वाटलं, शाळेच्या नावाने कुठे हिंडते. त्याने मारलं आणि दुसऱ्या दिवसापासून रोवण्याला नेलं. झालं तिचं शिक्षण. हे सगळं ती हसत हसत सांगत होती. माझ्या ताटात भात वाढून म्हणाली, "जेवा बाई, थंडा होऊन राहिला." मी तिची माफी मागितली, तर तीच घाबरली, "असं काहून म्हणता, तुमी तर चांगलंच नाव देल्लं होतं."

मला लाज वाटली. बस फाट्यावर तासभर थांबून होती आणि मी रडत बसले होते, पुढच्या सीटवरच्या पोराने पाणी आणून दिलं. तीन दिवस मला पेन धरवेना. शेकडो नावं सुधारली म्हणून तुला लिहिलं ना मी? आता एकेक रजिस्टर डोळ्यांपुढे येतं. कोणकोण मागे बसलं होतं, कोण जाणे. मी कधी मान वर करून पाहिलंच नाही.

सोबत हेडमास्तरांना अर्ज जोडला आहे. भावाला ओवाळणीच्या नावाखाली अडचणीत टाकून मी सही घेतली, मुलीला विचारलं नाही, सबब तो अर्ज रद्द समजावा, असं स्वच्छ लिहिलं आहे. धर्मेंद्रला सांग, माझ्या ताटातलं मी परत केलं. त्याच्यावर आता कसलं ओझं नाही.

मात्र एक ऐकून ठेव. माझ्या मते आजही 'न'च बरोबर आहे, मरेपर्यंत मी तेच म्हणेन. पण काय लिहायचं ते मी सांगणार नाही आणि तूही आईला सांगू नकोस. तिच्यावर माझी जबरदस्ती नको तशी तुझीही नको. तिला विचार आणि ती जे म्हणेल ते मान. कबूल कर, तरच अर्ज दे.

काळजी करत बसलेली,
आत्या


पिंपळदरा
११ डिसेंबर २०२४

आत्याबाई,

तुमचं पत्र नऊ तारखेले दुपारी आलं. धुरपताबाईचं वाचून मी सुन्न झाली. मंग बाबाले अन् आईले मोठ्यानं वाचून दाखवलं. बाबा उठून बाहेर गेले. आई एवढंच म्हणाली, "ताईले कोणीतरी पाणी देल्लं, बरं झालं."

तुमची अट वाचली तवा मले तुमचा पुन्हा राग आला. कारण आई काय म्हणन ते मले माहीत होतं. रात्री लय तळमळली. पण कबूल केलं. आईले म्हटलं, तू जे लिहिशीन त्याच्यावर मी सही करीन, शब्द आहे.

काल सकाळी आमी तिघं शाळेत गेलो, बाबाच्या मोटारसायकलवर. हेडसरांनी तुमचा अर्ज दोनदा वाचला. म्हणाले, "ठीक आहे, जुना अर्ज रद्द. पण आज शेवटचा दिवस. नाव काय ठेवायचं ते पालकांनी आपल्या हातानं लिहून द्या, मी यादी लगेच दुरुस्त करतो." त्यांनी कोरा कागद बाबांपुढं सरकवला. बाबांनी तो आईपुढं सरकवला. "तू लिही," म्हणाले, "पहिलाही तूच लिहिला होता."

क्लार्क, शिपाई, दोन सर, सगळे पाहून राहिले. आईनं पदर सावरला अन् पेन घेतला. मी तिच्याकडं पाह्यलंच नाही, कायले की माह्या नजरेनं तिनं काही लिहू नये. भिंतीवरचं टाइमटेबल वाचत उभी राहिली.

मंग आईचा आवाज आला. "सर, मले 'न' अक्षर काढता येते. आधी तो काढून दाखवू?" सर गडबडले, म्हणाले, दाखवा न. आईनं कागदाच्या कोपऱ्यात 'न' काढला. सरांले विचारलं, "बरोबर आहे?" सर म्हणाले, "एकदम बरोबर." "हेच लिहिलं तर शहरात पोरीले कोणी हसणार नाही न?" सर म्हणाले, "नाही हसणार."

आईनं मान हलवली. खाली रेघेवर गेली अन् सावकाश लिहू लागली. मले राहवलं नाही म्हणून वळून पाह्यलं. सो. ण. त्याले काना. ली. वरून एक सरळ रेघ ओढली अन् पेन बंद करून सरांच्या हातात दिला.

"पहिल्या टायमाले भेऊन लिहिला होता, सर," आई म्हणाली. "हा मी माह्या मनानं लिहिला. हसले तर हसू द्या."

मंग क्लार्कनं यादी काढली अन् सत्तावीस नंबरपुढं मी सही केली.

सोणाली